मैदान आणि प्रयोगशाळा : क्रीडा जैवयांत्रिकीचे संशोधन करत प्रशिक्षक कसे व्हावे

एमपीएडच्या, म्हणजे शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आलेले विद्यार्थी दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात : "सर, पीएचडी करू की कोचिंगमध्ये जाऊ?" गेली अनेक वर्षे मी शारीरिक शिक्षण महाविद्यालयात बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींचे यंत्रशास्त्र किंवा जैवयांत्रिकी, शिकवतो आणि संध्याकाळी उड्यांच्या खेळाडूंचा सराव घेतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला अनुभवाने देता येते. दोन्ही करता येते. मात्र सकाळी प्राध्यापक आणि संध्याकाळी प्रशिक्षक असे दोन वेगळे संसार मांडले, तर दोन्हीकडे माणूस अर्धाच राहतो. संशोधनाचा प्रश्न स्वतःच्या मैदानावर सापडला पाहिजे, त्याची मोजणी शास्त्राला मान्य होईल अशी झाली पाहिजे आणि मिळालेले उत्तर पुन्हा त्याच मैदानावर वापरून पाहता आले पाहिजे. हे चक्र ज्याला फिरवता येते त्याच्यासाठी ही एकच नोकरी असते, आणि ती कशी उभी करायची एवढेच येथे सांगायचे आहे.

असे करणारी माणसे जगात आहेत. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याच्या प्रशिक्षणाची धुरा जर्मनीचे क्लाउस बार्टोनिट्झ यांनी घेतली. बार्टोनिट्झ हे जैवयांत्रिकीतले तज्ज्ञ, भालाफेकीच्या यांत्रिकीवर त्यांनी संशोधनपर लेखन केलेले आहे. टोकियोतील ८७.५८ मीटरचे सुवर्ण, २०२३ मधील बुडापेस्टचे ८८.१७ मीटरचे जागतिक विजेतेपद आणि पॅरिसचे ८९.४५ मीटरचे रौप्य, हे सारे त्यांच्या कारकिर्दीतले आहे. त्यांच्या आधी नीरजला शिकवणारे उवे होन हे १९८४ मध्ये १०४.८० मीटर भाला फेकलेले खेळाडू. पुढे १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला, म्हणजे ज्या भाल्याने तो विक्रम झाला तो भालाच स्पर्धेतून गेला. स्वतः फेकलेला आणि फेकीचे मोजमाप केलेला, अशा दोन्ही प्रकारच्या ज्ञानाचा एकाच खेळाडूला लाभ झाला, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

दुसरे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते, कारण ते थेट प्राध्यापकाचे आहे. ऑस्ट्रेलियाचे डॅरिल फॉस्टर हे पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात शिकवत आणि त्या राज्याच्या क्रिकेट संघाचे प्रशिक्षकपदही सांभाळत. वेगवान गोलंदाजांची पाठ का जाते, हा प्रश्न त्यांना ग्रंथालयात सापडलेला नव्हता. तरुण वेगवान गोलंदाजांचा संपूर्ण हंगामभर पाठपुरावा करून त्यांनी ब्रूस एलियट आणि अन्य सहकाऱ्यांबरोबर १९८९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दोन गोष्टी पुढे आल्या : मागचा पाय टेकल्यापासून पुढचा पाय टेकेपर्यंत ज्यांचे खांदे ४० अंशांहून अधिक उलट फिरतात त्यांना, आणि ज्यांच्याकडून गोलंदाजी फार करून घेतली जाते त्यांना, पाठीच्या दुखापतीचा धोका जास्त असतो. प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी सकाळी नेटमध्ये उपयोगी पडेल असे हे उत्तर आहे.

पदव्या आणि पात्रता

हा भाग कंटाळवाणा असला तरी येथे क्रम चुकला की पाच-सहा वर्षे वाया जातात. सर्वसाधारण वाट बीपीएड (शारीरिक शिक्षणातील पदवी), एमपीएड, नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) आणि पीएचडी अशी आहे. नेटमध्ये शारीरिक शिक्षण हा ४७ क्रमांकाचा विषय आहे. सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. एमपीएड करताना शक्य असेल तर जैवयांत्रिकीचा स्वतंत्र विभाग असलेली संस्था निवडावी; ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत तसा विभाग आहे. महाराष्ट्रात राहायचे असेल तर अमरावती, पुणे, नागपूर या ठिकाणच्या जुन्या महाविद्यालयांतून उत्तम शिक्षण मिळते, परंतु प्रवेश घेण्यापूर्वी प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी आणि तेथील उपकरण शेवटचे कधी चालू केले होते, हे तेथल्या विद्यार्थ्यांना विचारावे.

फिजिओथेरपी किंवा यंत्र अभियांत्रिकी करून या विषयात येणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. अभियंत्याचे गणित पक्के असते, फिजिओथेरपिस्टला शरीर ठाऊक असते. आयआयटी मद्रासमध्ये क्रीडाविज्ञान व विश्लेषणासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले आहे, भारतीय क्रीडा प्राधिकरणही जैवयांत्रिकीच्या तज्ज्ञांना नेमणुका देते. मात्र या वाटेने येणाऱ्याने निदान दोन वर्षे कोणत्या तरी प्रशिक्षकाच्या हाताखाली फक्कीने मैदान आखण्यापासून काम केलेले असावे. वाळूचा हौद खणून सारखा करणाऱ्याला खेळाडू आपले दुखणे सांगतो, फक्त कॅमेरा घेऊन येणाऱ्याला सांगत नाही.

प्रशिक्षकाची पात्रता वेगळी मिळवावी लागते. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, जिला मैदानावर सगळे नुसते 'एनआयएस' म्हणतात, ती आजही सर्वांत जास्त ओळखली जाणारी आहे. पूर्ण पदविका जमत नसेल तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येतो, आणि क्रिकेटसारख्या खेळात मंडळाचे स्वतःचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम असतात. माझा सल्ला असा की, एनआयएस करायचे ते एमपीएड आणि पीएचडी यांच्या मध्येच उरकावे. नोकरी लागल्यावर एवढी दीर्घ रजा मिळणे कठीण जाते, आणि पीएचडी सुरू झाल्यावर नियमाने किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत मागे लागलेली असते.

नोकरीच्या दोन वाटा आहेत. एक, शारीरिक शिक्षण महाविद्यालयात सहायक प्राध्यापक. दुसरी, साध्या वरिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक. या दुसऱ्या पदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने शारीरिक क्षमतेची चाचणीही ठेवली आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १८०० मीटर आणि महिला उमेदवाराला ८ मिनिटांत १००० मीटर अंतर कापावे लागते. संचालकाला मैदान हक्काने मिळते, पण शोधप्रबंध करणारे विद्यार्थी मिळत नाहीत. प्राध्यापकाला ते मिळतात, पण संध्याकाळचे मैदान स्वतः मागून घ्यावे लागते. संशोधनाची खरी ओढ असेल तर मी पहिली वाट सुचवेन. कायम नेमणूक होईपर्यंत काही वर्षे तासिका तत्त्वावर काढावी लागण्याची शक्यता मोठी आहे, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. या काळात प्रशिक्षणाचे काम सोडू नये, कारण मुलाखतीला जाताना कागदावर दाखवण्यासारखे जे काही असते ते बहुधा याच वर्षांत तयार होते.

प्रश्न कोठे सापडतो

माझ्याकडे लांब उडीची एक मुलगी होती. वेग चांगला, पाय ताकदवान, तरीही जिच्यावरून उडी घ्यायची त्या फळीवर आल्यावर उडी मरायची. दोन हंगाम मी हौदाच्या कडेला उभा राहून तिला एकच गोष्ट ओरडून सांगत होतो : "फळी गाठ, फळी गाठ!" मग एका विद्यार्थ्याच्या नव्या फोनवर आम्ही तिचे चित्रण संथ गतीने पाहिले. चांगल्या उडीत शेवटून दुसरे पाऊल लांब पडते, शरीराचा गुरुत्वमध्य किंचित खाली येतो आणि शेवटचे पाऊल त्याहून आखूड, चटकन पडते. हिचे नेमके उलट होत होते. शेवटचे पाऊल सर्वांत लांब होते. फळी गाठण्यासाठी ती पाय जरुरीपेक्षा जास्त पुढे टाकत होती आणि तो पाय ब्रेकसारखा काम करत होता. दोष माझ्या सूचनेत होता. आम्ही तिची धावेची सुरुवातीची खूण वीतभर पुढे घेतली, फळीकडे न पाहता हौदापलीकडच्या झाडाकडे पाहायला सांगितले, आणि 'फळी' हा शब्द मी सरावातून काढून टाकला.

खेळाडूचे काम येथे झाले, संशोधकाचे येथून सुरू झाले. प्रशिक्षकाच्या तोंडी सूचनेमुळे शेवटच्या दोन पावलांची लांबी बदलते का? सूचना फळीविषयी दिली तर काय होते, वेगाविषयी दिली तर काय? १९८२ मध्ये डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब उडीच्या धावेचा अभ्यास करून दाखवले होते की, सुरुवातीला जवळजवळ ठरावीक असणारी पावले शेवटच्या टप्प्यात खेळाडू डोळ्यांनी अंदाज घेत जुळवून घेतात. त्या अभ्यासात खेळाडू होत्या फक्त तीन. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे मार्गदर्शक साठ-सत्तर नमुन्यांचा आग्रह धरतात आणि विद्यार्थी मग कधीही फळीवर न आलेल्या मुलांना ओळीने उड्या मारायला लावतात. थोड्या, परंतु खऱ्या खेळाडूंचा पुन्हापुन्हा केलेला अभ्यास जैवयांत्रिकीत सन्मानाचा मानला जातो. मात्र तो तसा का केला, हे आराखड्यातच स्पष्ट लिहावे लागते.

विषय निवडताना आपल्या मातीतल्या खेळांकडे पाहावे, असे मला कळकळीने वाटते. धावण्याच्या पावलांवर परदेशांत कपाटे भरून लेखन झाले आहे. खो-खोमध्ये धावत येऊन १२० ते १२५ सेंटिमीटर उंचीच्या खांबाला धरून वळताना खेळाडूच्या खांद्यावर आणि गुडघ्यावर किती भार येतो, सूर मारताना कोणता हात आधी टेकावा, मल्लखांबावरच्या पकडीत मनगट कोणत्या कोनात राहते, यांवर काम करायला अजून मोकळे रान आहे. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. आता या खेळाचे शास्त्र लिहिण्याची जबाबदारी ज्यांच्या अंगणात तो वाढला त्यांच्यावर येते.

मोजणी

उपकरणांअभावी संशोधन अडते, ही तक्रार अर्धीच खरी आहे. बलमापन पट्ट (पाय जमिनीवर किती जोर देतो ते मोजणारे उपकरण) आणि बारा कॅमेऱ्यांची यंत्रणा असेल तर उत्तमच, पण पहिला चांगला अभ्यास एका फोनवर होऊ शकतो, जर फोन कसा वापरायचा हे ठाऊक असेल. साधे गणित करून पाहा. सेकंदाला ९ मीटर वेगाने येणारा खेळाडू सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रणात दोन फ्रेमच्या दरम्यान ३० सेंटिमीटर पुढे सरकतो. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर पावणेचार सेंटिमीटर. लांब उडीत पाय फळीवर सुमारे ०.१२ सेकंद असतो, म्हणजे पहिल्या चित्रणात त्याच्या तीन-चार फ्रेम मिळतात आणि दुसऱ्यात अठ्ठावीस-एकोणतीस. मी स्वतः एका संपूर्ण हंगामाचे चित्रण ३० फ्रेमवर करून ठेवले होते, त्यातून पायाच्या स्पर्शकाळाविषयी एकही वाक्य लिहिता आले नाही.

कॅमेरा हालचालीच्या प्रतलाला काटकोनात, तिवईवर, शक्य तितका दूर ठेवावा आणि झूम करून चौकट भरावी. जवळ ठेवला की कडेची लांबी खोटी दिसते. ज्या रेषेवर खेळाडू धावणार त्याच रेषेवर माहीत असलेल्या लांबीची काठी ठेवून तिचे चित्रण आधी घ्यावे, कारण पुढची सगळी सेंटिमीटर त्या काठीवरून मोजली जाणार असतात. शटरचा वेग हजारांश सेकंदापर्यंत ठेवावा आणि त्यासाठी भरपूर उजेड लागतो. म्हणून पहाटे सहाचा सराव चित्रणाला निरुपयोगी आहे. सकाळी आठनंतर, सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी असताना काम करावे. पुढचे विश्लेषण किनोव्हियासारख्या मोफत सॉफ्टवेअरवर होते.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि प्रबंध तिथेच कच्चा राहतो. एकदा टिपून झालेल्या दहा उड्यांच्या चित्रणातल्या सांध्यांच्या जागा आठवडाभराने पुन्हा नव्याने टिपाव्यात आणि दोन वेळच्या आकड्यांत किती फरक पडतो ते पाहावे. गुडघ्याचा कोन टिपण्यात तुमचीच चूक तीन अंशांची होत असेल, तर सरावाने दोन अंशांची सुधारणा झाली असे लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नाही. वेग आणि त्वरण काढताना ही चूक कैक पटींनी वाढते, त्यामुळे आकडे आधी फिल्टरमधून, म्हणजे अशा चुका गाळणाऱ्या गणिती चाळणीतून, काढावे लागतात आणि कोणता फिल्टर का निवडला, हे समजण्याइतके गणित स्वतःला यायला हवे. पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकीय भाषा पीएचडीच्या पहिल्या वर्षातच शिकून घ्यावी. बलमापनाची गरज खरोखर असेल तर पाच खेळाडूंना घेऊन एखाद्या सुसज्ज संस्थेत आठवडाभर जाणे परवडते. त्या संस्थेशी पत्रव्यवहार मात्र वर्षभर आधी सुरू करावा.

आपलेच खेळाडू, आपलाच अभ्यास

स्वतःच्या शिष्यांवर संशोधन करताना एक अडचण येते, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. प्रशिक्षकाला खेळाडू 'नाही' म्हणू शकत नाही. संघात निवड ज्याच्या हाती, तोच संमतिपत्र पुढे करत असेल तर त्या सहीला अर्थ राहत नाही. म्हणून संमती सहकाऱ्याने घ्यावी, मी त्या वेळी तेथे नसतो. अभ्यासात भाग न घेणाऱ्यालाही सराव तसाच मिळेल, हे मराठीत, पालकांना कळेल अशा शब्दांत लिहून द्यावे. अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी पालकांची संमती लागते आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ ते १८ वयोगटातील मुलाचा स्वतःचा लेखी होकारही घ्यावा लागतो. संस्थेच्या नीतिविषयक समितीची मंजुरी चित्रणाच्या आधी हवी, नंतर मिळालेली चालत नाही. मुलींचे चित्रण कोणाच्याही खाजगी फोनमध्ये राहू देऊ नये, त्याच दिवशी ते संगणकावर घेऊन फोनमधून पुसावे.

वर्षाची आखणी

महाराष्ट्रात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस मैदान घेऊन जातो, तेव्हा हे महिने वाचन, जुन्या चित्रणावरचे टिपण आणि लेखनासाठी राखावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ऊन चित्रणाला सर्वोत्तम असते आणि खेळाडूही पायाभूत तयारीत असतात. अश्वमेध (महाराष्ट्रातील विद्यापीठांची क्रीडास्पर्धा) आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या आधीचे चार आठवडे पूर्णपणे प्रशिक्षकाचे. त्या काळात खेळाडूच्या अंगावर चित्रणातल्या खुणेसाठी एकही चिकटपट्टी लावू नये आणि तंत्रात नवा बदल सुचवू नये, मग प्रबंधाची मुदत कितीही जवळ आलेली असो. हा नियम मी एकदा मोडला आणि एका मुलाची धाव ऐन स्पर्धेत विस्कटली. स्पर्धेतले चित्रण मात्र जरूर घ्यावे, कारण सरावातली उडी आणि स्पर्धेतली उडी एकच नसते.

लेख लिहिताना मासिकाची निवड जपून करावी. पैसे भरून आठवड्यात छापणारी मासिके टाळावीत, बढतीच्या गुणांसाठीसुद्धा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्स इन स्पोर्ट्स या संस्थेची वार्षिक परिषद तरुण संशोधकाला सुरुवातीसाठी योग्य आहे, तेथे छोटा निबंधही तपासून घेतला जातो. या संस्थेचा एक मोठा सन्मान ब्रिटिश प्रशिक्षक जेफ्री डायसन यांच्या नावाने दिला जातो, आणि तो मिळतो संशोधन व प्रत्यक्ष खेळ यांना आयुष्यभर जोडणाऱ्यांना.

खेळाडूला मात्र लेख देऊ नये. प्रत्येक चित्रणानंतर त्याला मराठीत एक पान द्यावे : दोन चित्रे, तीन आकडे आणि पुढच्या पंधरा दिवसांत करायची एकच गोष्ट. एका वेळी दोन दुरुस्त्या सांगितल्या की तो दोन्ही विसरतो. या पानांची एक प्रत आपल्या फायलीत तारखेनिशी लावत जावी. मुलाखतीत प्रशिक्षण आणि संशोधन यांचा संबंध विचारला जातो तेव्हा ही फाईल पुढे ठेवता येते, आणि खेळाडू दुसऱ्या गावी दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेला तर तिची संपूर्ण प्रत त्याच्याबरोबर पाठवता येते. ती लांब उडीची मुलगी गेली तेव्हा तिच्या फायलीत चौतीस पाने होती, आणि पहिल्या पानावर तिच्या नव्या प्रशिक्षकांसाठी मी लिहिले होते, "हिला फळी गाठायला सांगू नये."